नायकाच्या रक्तातली चरबी

२१ नोव्हेंबर २००४, हिंगोली

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. रोज जमणार नाही हे आत्ताच कळतंय, पण ठरवायला काय जातं.

लॅबमधला पहिला आठवडा संपला. काम येतं, पण रक्त घेताना हात थरथरतो. काल एका बाईंची शीर दोनदा हुकली. त्या म्हणाल्या, "पोरी, मी काय सुया खोचायची उशी हाये का?" मी माफी मागितली, तर त्याच मला धीर देऊ लागल्या. लॅबचे मालक रामप्रसाद सर लांबून बघत होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

खोलीत माझ्यासोबत राणी आहे. हट्ट्याची, पलीकडच्या दवाखान्यात नर्स. मी वही काढली तर म्हणाली, "लिहून काय करती गं?"

"विचार नीट लागतात."

"माझे तर झोपल्यावर लागतात." आणि झोपली.

आमचा तांडा पुसेगावहून आत आहे. बा तिथले नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख. आजोबाही होते. घरातच काय, सगळ्या तांड्यात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी.चे माझे गुण बा अजून पाठ म्हणून दाखवतात, रसायनशास्त्रापासून सुरुवात करून. तांड्यासाठी काहीतरी करायला हवं असं सारखं वाटतं. काय करायचं ते सुचत नाही, आणि सुचत नाही म्हणून चैन पडत नाही.

५ डिसेंबर

आज बा पहिल्या गाडीनं माझी लॅब बघायला आले. धोतर, पागोटं, काठी, सगळं कडक. खुर्ची हलवून पाहिली. "बराबर हाये," म्हणाले. मग बाही वर सारून समोर बसले. "घे माझं रक्त. बघू येतं का तुला."

"काही खाऊन आलात का?"

"तुझ्या याडीनं भाकर बांधून दिली. ती अजून पिशवीतच हाये."

एका टोचण्यात शीर सापडली. हात अजिबात थरथरला नाही. बा चहूकडं बघत होते, कुणी पाहिलं की नाही याची खात्री करत.

मग मी नळी यंत्रात फिरवली. खाली लाल पेशी बसतात आणि वर पिवळसर, स्वच्छ सिरम राहतं. बांच्या नळीत वर दूध होतं. खरोखर दूध. नळीमागं धरलेली पट्टी दिसेना. मला वाटलं नळी बदलली. सर आले, उजेडात धरून म्हणाले, "हा पेशंट काय म्हशीखाली बसून आला?" मी म्हटलं, "माझे वडील आहेत." सरांनी नळी हळूच स्टँडमध्ये ठेवली.

यंत्र ते वाचेना. पातळ करून पुन्हा लावलं. ट्रायग्लिसराइड्स अकराशे चाळीस. दीडशेच्या आत असायला हवेत.

बा बाहेर बाकावर भाकर खात होते. "पास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उद्या सांगते." पहिल्यांदाच त्यांना काही उद्यावर ढकललं.

६ डिसेंबर

राणीच्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी कागदावर एक नळी काढून दाखवली. म्हणाले, "लोक तूप आणि मटणावर बोट ठेवतात. ही चरबी निराळी. गोड आणि दारू पोटात गेली की यकृत हिला तयार करतं आणि रक्तात सोडून देतं. काहींच्या घराण्यातच हे असतं. हजाराच्या वर गेलं तर स्वादुपिंड कधीही सुजू शकतं. आणि वर्षानुवर्षं असंच राहिलं तर हृदयाच्या नळ्या आतून खराब होत जातात. दुखत नाही, कळत नाही. आजोबा कशानं गेले?"

आजोबा गाडीला बैल जुंपता जुंपता गेले. तांड्यात म्हणतात, देवीनं उचलून नेलं.

"पण बा तर काठीसारखे बारीक आहेत," मी म्हटलं.

"रक्ताला ते कुठं माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या. दारू पूर्ण बंद, गूळ-साखर बंद.

आता मला माझं काम सापडलं. ते असं सापडायला नको होतं.

१२ डिसेंबर, तांडा

घरी आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतो, इथं मराठीत उतरवते आहे.

दुपारी बांना सगळं समजावलं. त्यांनी नळीचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. याडी, म्हणजे माझी आई, चुलीपाशी ऐकत होती. बा म्हणाले, "चहातली साखर सोडली. मटन म्हनशील तर तेबी सोडलं."

"मटणाचं नाही म्हणत मी. कटोरीचं म्हणतेय."

बांनी चित्राची घडी करून बाजूला ठेवली. आमच्यात सोयरीक ठरली की गूळ वाटतात आणि मोहाच्या दारूची कटोरी फिरते. आधी नायकानं गूळ तोंडात टाकायचा, कटोरी ओठाला लावायची. तेव्हा सोयरीक पक्की. त्याच्याआधी कुणीही माघार घेऊ शकतं. भांडण मिटलं तरी तसंच. बा दारुडे नाहीत, एकटे कधीच पीत नाहीत. पण तांड्यात दर चार-आठ दिवसांनी काहीतरी पक्कं होतच असतं.

शेवटी म्हणाले, "सोडली."

संध्याकाळी कारभारी मोहनसिंगकाका आणि चार-पाच जण येऊन बसले. काका बांचे लहानपणापासूनचे सोबती, हिशोब-निरोप तेच बघतात. मी पाणी दिलं. काका म्हणाले, "काय प्रेमसिंगभाऊ, पोरगी शहरात खोली करून राहती म्हन."

"दोघी हायेत."

"अन् त्या दोघींवर कोन हाये?"

कुणीतरी हसलं. दुसरं कुणी म्हणालं, माझ्या पोरीला मी सोळाव्या वर्षी दिली. बा मोठ्यानं हसले, आत हात घालून कटोरी काढली, भरली, आधी स्वतः घेतली आणि काकांपुढं धरली. "पी मोहनसिंग. बोलू बोलू घसा सुकून राहिला तुझा." सगळे हसले आणि गोष्ट कापसाच्या भावावर गेली.

मला इतका राग आला की आत जाऊन भांडी आपटली. काकांचा नाही, बांचा. वचन दिल्याला चार तासही झाले नव्हते.

१३ डिसेंबर

सकाळी भांडले. बा ऐकून घेतात, हीच त्यांची युक्ती आहे. शेवटी म्हणाले, "पुढची तपासनी कधी?"

"सोळा जानेवारीला."

"तारीख पक्की?"

"पक्की."

"मग बघ तू."

१६ जानेवारी २००५, हिंगोली

पाचशे वीस! सिरम अजून गढूळ आहे, पण पलीकडची पट्टी दिसते. बा दाढी करून, नवं धोतर नेसून आले होते, कोर्टात तारीख असल्यासारखे. आकडा सांगितला तर म्हणाले, "निम्म्याहून खाली?" आणि बाकावर बसलेल्या एका अनोळखी माणसाला सांगितलं, "निम्म्याहून खाली."

राणी म्हणाली, "एवढ्या लवकर?"

"इच्छाशक्ती असते माणसाची."

"आमच्या वार्डात इच्छाशक्तीवाले लई भरती असतात."

तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. दिवसभर आजारी माणसं बघून तसं होत असेल.

३० जानेवारी

लग्नसराई आहे. बांना आसपासच्या तांड्यांतूनही बोलावणी येतात. बसल्या बसल्या वाटतं की गाडी पकडावी आणि प्रत्येक मांडवात त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावं. मग स्वतःचीच लाज वाटते. पाचशे वीस आहेत. माणसावर भरवसा ठेवायला हवा.

२७ फेब्रुवारी, तांडा

न सांगता आले. नरसीला गाडी बिघडली, दीड तास तिथंच गेला. पोचले तर बा घरी नाहीत. दुसऱ्या तांड्यावर सोयरीक होती. उन्हं कलल्यावर आले. चढण चढून येताना लिंबापाशी थांबले, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी धावत गेले. म्हणाले, "ढेकर अडकली. सोडा दे."

"वजन उतरलंय तुमचं. अशक्तपणा आलाय. एकदम सगळं सोडलंत ना." मी सोबत सिरिंज-नळी आणली होती. म्हटलं, उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन टाकते.

"न्हाई."

"काहून न्हाई?"

"सहा मार्च ठरलंय ना? मग सहा मार्च."

नियमाचे इतके पक्के की मला हसू आलं. शेजारच्या चतुराबाई आत्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "तू येनार म्हनलं की तुझा बा साधू होतो बघ! ताक पितो, बारीक तोंड करून बसतो. आज तू चोरावानी आली."

म्हणजे बांमधला बदल लोकांच्याही नजरेत आला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

६ मार्च, हिंगोली

तीनशे दहा. सिरम जवळजवळ स्वच्छ. सर म्हणाले, "वडिलांना आणत जा इथं, आमच्या पेशंटांना भाषण द्यायला." डॉक्टरही खूश. गोळी तीच ठेवली. मला तांड्यातल्या बायकांची एक बैठक घ्यायची आहे. गूळ, साखर, दारू, हृदय. घरातलंच उदाहरण असल्यावर कोण ऐकणार नाही?

२६ मार्च, होळी, तांडा

आमच्यात होळी म्हणजे रात्रंदिवस नाच. दरवर्षी पहिल्या फेरीपासून बा गोलात असतात. आज एक फेरी घेऊन बाजेवर बसले. म्हटलं, दमलात? म्हणाले, "दमलो न्हाई. बघून राहिलो."

दुपारी तीच मंडळी जमली. मोहनसिंगकाकांनी रिसोडकडचं एक स्थळ काढलं. मुलगा ट्रक चालवतो, शेत आहे. "औंदा तरी. नायकाची पोर बसून राहिली तर आमच्या पोरी उद्या आमाला काय म्हनतील? त्याबी म्हनतील, शिला शिकली तशी आमाला शिकवा."

"म्हनू दे की," मी दारातून म्हटलं. कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. बांनी कटोरी काढली. एक झाली, दुसरी झाली. काका मुलाच्या मामाचं कूळ सांगत होते ते मध्येच राहिलं, जुन्या कुठल्याशा बैलाची गोष्ट निघाली, सगळे पोट धरून हसले. उठताना स्थळाची आठवण कुणालाच नव्हती.

ते गेल्यावर मी बांना म्हटलं, "तुम्ही मला खोटं पाडता."

"आकडा कमी आलाय का न्हाई?"

"आलाय."

"मग आकड्यावर भरवसा ठेव."

आकडे मीच काढलेले आहेत. कधीमधी घेतलेली त्यांना बाधत नसेल. पण डॉक्टरांनी तर पूर्ण बंद सांगितलंय. रात्र जाईना. स्थळाचं मात्र बरं झालं, आपोआप मागं पडलं.

१७ एप्रिल, हिंगोली

दोनशे पासष्ट.

याडीही सोबत आली होती. म्हणाली, "तुझ्या बाला आडवं झालं की झोप येत न्हाई. भिंतीला टेकून बसतात." यंदा ऊन फार आहे, पत्र्याखाली कुणाला झोप येणार? मी म्हटलं, अंगणात बाज टाका.

३ मे

बायकांच्या बैठकीसाठी सहा मोठी चित्रं काढली. हृदय चांगलं जमलंय. राणी म्हणाली, "वांग्यावानी दिसतंय." पुन्हा काढलं.

१४ मे, नांदेड

लिहिते आहे. नाही लिहिलं तर ओरडेन.

अकराला अक्षय तृतीया झाली. त्या दिवशी तांड्यात आणि आसपास सोयरिकींची रांग होती. बाराला सकाळी लॅबसमोर जीप थांबली. मोहनसिंगकाका बांना धरून उतरवत होते. बांचा चेहरा राखेसारखा, सदरा घामानं चिकटलेला. "पोटात वायू धरला," काका म्हणत होते. "शिला, सोडा पाजला, ओवा दिला, जात न्हाई." बांचा हात छातीवर होता आणि डावा खांदा ते आवळून धरत होते. मला सगळं एकदम दिसलं आणि पाय हलेनात. समोरच्या दवाखान्यातून राणी पळत आली, माझ्या हाताला धरून ओढलं. "हुबी काय राहिली? स्ट्रेचर धर!"

जिभेखाली गोळी, ईसीजीची पट्टी काढली, डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. नांदेडला न्यावं लागेल. अँब्युलन्सला वेळ होता. राणीनं रक्त काढलं आणि नळी माझ्या हातात दिली. सर म्हणाले, "तू नको. मी लावतो." मी दिली नाही.

फिरवली. दूध. पहिल्या दिवसापेक्षा दाट. सोळाशेच्या वर.

मी सरांना म्हणाले, "यंत्र बिघडलंय." सर म्हणाले, "नाही, शिला."

गाडीत मी बांच्या डोक्याशी बसले. नदीचा पूल आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "आज तारीख नव्हती."

१६ मे, नांदेड

धोका टळला असं इथले डॉक्टर म्हणतात. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा अधू झाला. दोन महिने विश्रांती. दारूचा थेंब नाही.

दुपारी बा बोलले. आवाज अगदी लहान.

"तपासनीच्या आधी आठ दिवस समदं बंद करायचो. ज्वारी अन् ताक. तू परीक्षेआधी जागायचीस तसं."

ही चरबी अशीच आहे. आठवडाभर गोड-दारू बंद केली की झरकन उतरते आणि सुरू केली की तितकीच झरकन चढते. हे पुस्तकात होतं. मी वाचलेलं होतं.

"अन् नंतर?" मी विचारलं.

"नंतर काय. परीक्षा झाल्यावर पुस्तक कोन उघडतं?"

"मी उघडायचे, बा."

"व्हय. तू उघडायचीस." त्यांनी डोळे मिटले. "तुला चांगला आकडा द्यायचा व्हता. तू इतकी खूश व्हायचीस."

बाहेर व्हरांड्यात याडी बसली होती. मी तिच्यावर ओरडले. एवढं माहीत होतं तर मला सांगितलं का नाही? नायकपण जिवापेक्षा मोठं आहे का?

याडी म्हणाली, "नायकपनासाठी पीत न्हाईत ते. तुझं नाव निघालं की कटोरी निघती."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? कटोरी निघाली की तुझं नाव मागं पडतं. चार वर्सं झाली. तू कॉलेजात गेली तवापासून."

हे मला आज आणखी लिहिता येणार नाही.

२९ मे, हिंगोली

बांना घरी सोडून कामावर आले. आज सात सँपल होते. प्रत्येक नळी उजेडात धरली. पाच महिने मी एका माणसाची परीक्षा घेत होते आणि उपचार करतेय असं समजत होते.

राणीला सगळं सांगितलं. ती काही टोमणा मारेल म्हणून वाट पाहिली. तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं आणि म्हणाली, "नोकरी सोडायचा विचार करून राहिली असशील तर थोबाड फोडीन."

मी तोच विचार करत होते. होळीचं ते रिसोडचं स्थळ स्वीकारलं तर बांना कुणासमोर कटोरी भरायला नको. गणित अगदी सोपं आहे. म्हणून तर त्याचा इतका धाक वाटतो.

१२ जून, तांडा

मंडळी बांना बघायला आली. मोहनसिंगकाकांनी बसल्या बसल्या सांगितलं की दोन सोयरिकी अडून आहेत. नायकाशिवाय पक्क्या कशा करायच्या?

बा म्हणाले, "डॉक्टरनं मना केलंय."

"नुसतं ओठाला लाव, भाऊ. गिळू नको."

"वीस वर्सं ओठालाच लावत व्हतो, मोहनसिंग."

कुणी हसलं नाही. बांनी उशाची काठी घेतली, तिच्यावर जोर देऊन उठून बसले. "तू हो नायक. तुझ्या हातानं समदं चालतंच. मी नावाला."

काका नको नको म्हणाले. मग त्यांनी बांचे पाय धरले आणि मोठ्यानं रडले. मला वाटायचं हा माणूस आमचा वैरी आहे. तो बांना जीपमध्ये घालून चाळीस किलोमीटर छातीशी धरून घेऊन आला होता, हे मी विसरलेच होते.

सगळे पांगल्यावर घर मोकळं झालं. बा आढ्याकडं बघत पडले. आजोबांपासूनचं नायकपण त्यांनी असं काढून दिलं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

१९ जून, हिंगोली

याडीचा निरोप आला. पुढच्या रविवारी नव्या नायकाची पहिली नसाब, म्हणजे तांड्याची पंचबैठक आहे. त्यात माझा विषय आहे. वर्षाच्या आत सोयरीक करायची असं ठरवणार आहेत. बांना बोलावलंय आणि ते जाणार म्हणतायत.

राणी म्हणाली, "तू जाऊ नको. ठरवून ठरवून काय ठरवतील?"

त्यांनी ठरवलं तर बांना ते पाळावं लागेल, नाहीतर तांडा त्यांच्याशी अन्नपाणी बंद करेल. आणि बा ते टाळायला काय करतील हे मला आता माहीत आहे.

२६ जून, तांडा

झालं ते क्रमानं लिहिते.

बैठक देवीच्या ओट्यापुढं होती. पुरुष गोल करून, बायका भिंतीच्या आडोशाला. मोहनसिंगकाका मधे बसले होते, नव्या जागेवर अवघडल्यासारखे. बा रांगेच्या टोकाला. त्यांच्या शेजारी टेकायला भिंतही नव्हती.

आधी बांधाच्या एका तंट्याचं बोलणं झालं. मग काकांनी घसा साफ केला. "आता प्रेमसिंगभाऊच्या पोरीचं. भाऊला तकलीफ हाये, म्हनून त्याच्यावर बोजा नको. आपन समद्यांनी मिळून पोरगं बघू."

बोलणं मायेचंच होतं. त्यामुळं जास्त अवघड होतं.

दोघं-तिघं बोलले. शहर, खोली, वय. मग एकानं म्हटलं, "भाऊ, तुमीच सांगा. आपल्यातच बोलू, जरा बसू." आणि त्यानं मागून कटोरी पुढं सरकवली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. असंच तर चालत आलंय. बांनी कटोरीकडं पाहिलं. मग त्यांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला.

मी आडोशातून निघून गोलाच्या कडेला जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "माझ्याबद्दल बोलायचंय तर माझ्याशी बोला."

कुणीतरी म्हणालं, "बायामानसं इथं बोलत न्हाईत."

"मग माझं नावबी इथं काढू नका."

मागून चतुराबाई आत्यांचं हसू फुटलं, त्यांनी पदरात दाबलं. काकांचा चेहरा लाल झाला. "शिला, तू नायकाची..." म्हणता म्हणता थांबले, कारण मी आता नायकाची कुणी नव्हते.

"काका, मी लग्न करणार नाही असं म्हणत नाही," मी म्हटलं. "कधी आणि कुणाशी, ते मी बा-याडीशी बोलेन. नोकरी सोडणार नाही. तुमाला माझ्यावर रागवायचं असंल तर हिंगोलीला या, लॅबमध्ये मी असते. चहा पाजीन, बिनसाखरेचा. पण बांना विचारू नका. बांनी या गोष्टीचं चार वर्सं उत्तर दिलंय, अन् ते उत्तर काय व्हतं ते तुमी समद्यांनी त्यांच्यासोबत बसून बघितलंय."

भाषण तयार केलं होतं ते यातलं काहीच नव्हतं. बा उठू लागले. मी म्हटलं, "बा, बसा." त्यांना असं मी कधीच म्हटलेलं नाही. ते बसले. हात पुन्हा गुडघ्यावर गेला.

काकांनी ती कटोरी स्वतःच उचलून आपल्या मागं ठेवली. म्हणाले, "आज इतकंच. पुन्हा बसू." म्हणजे काही मिटलेलं नाही. एक म्हातारे जाताना ऐकू येईल असं म्हणाले, "शिकवल्याचं फळ हाये हे." बायकांतल्या दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत. आत्यांची पोर पूजा मात्र, नववीतली, वळून वळून बघत होती.

पुन्हा बसतील तेव्हा मी पुन्हा जाणार. दर वेळी जावं लागेल, किती वेळा ते माहीत नाही. बरोबर केलं का, तेही माहीत नाही. काकांचा अपमान करायचा नव्हता. कदाचित झाला.

घरी येताना बा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं रागावले. दारात आल्यावर याडीला म्हणाले, "भूक लागली." ज्वारीची भाकर आणि मेथी खाल्ली, थोडी आणखी मागून घेतली. गोळी घेतली. अजून उजेड होता, ओट्याकडून माणसांचे आवाज येत होते. बैठकीच्या दिवशी बा सगळ्यात शेवटी घरी येत.

ते बाजेवर आडवे झाले आणि झोपले.